कोपनहेगनला बोट पाचला सुटते

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमची बोट कोपनहेगनच्या धक्क्याला लागली आणि तिथूनच सगळं सुरू झालं. तसे किस्से आम्ही मस्कतला, वादी कबीरच्या घरी बसूनही कमी जमवत नाही. पण एरवी जे वर्षभर साठतं, ते इथे एका दिवसात साठलं!

ही क्रूझ खरं तर अर्बाबची, म्हणजे आमच्या ह्यांच्या मालकाची. एसीवाल्या कंपनीने त्याच्या दुकानाला बक्षीस दिलेली. अर्बाबला बोट लागते, म्हणून त्याने दोन जुन्या माणसांना कुटुंबासकट पाठवलं. एक आमचे हे, दुसरे शेजारचे सुर्वेभाऊ. म्हणजे भाऊ, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आम्ही दोघं आणि आमची सहा वर्षांची सई.

उतरतानाच स्पीकरवर सांगितलं, बोट पाचला सुटणार, कुणासाठी थांबणार नाही. मी लगेच घड्याळ बघितलं! सातवी शिकलेली बाई मी. परक्या मुलखात बोट चुकली तर लेकीला घेऊन कुठे उभी राहू?

सुर्वेभाऊ म्हणाले, "वहिनी, घाबरताय काय! माणसं भरल्याशिवाय सुटेल कशी?"

"भाऊ, ती आपल्या मत्र्याची शेअर टॅक्सी नाही!"

*

मस्कतला रस्त्यावर पाय ठेवला की गाडी थांबते. त्या सवयीने भाऊ एका मोकळ्या पट्ट्यात उभे राहून फोटो काढायला लागले. तो निघाला सायकलींचा रस्ता! घंट्याच घंट्या! भाऊंनी ऐटीत हात वर केला. एका बाईने कसाबसा ब्रेक दाबला आणि काहीतरी ओरडत निघून गेली.

"काय म्हणाली गं?" भाऊंनी सईला विचारलं. सई इंग्रजी शाळेतली, म्हणून आमची दुभाषी.

"काका, मला तिची लँग्वेज नाही येत. पण ती वेलकम नाही बोलली."

*

तिथे समुद्रात दगडावर बसलेल्या बाईचा एक पुतळा आहे. सगळं जग बघायला येतं म्हणे. पाय तुटेस्तोवर चाललो. बघतो तर बाई एवढीशी!

हे चिडले. "यासाठी चाललो? आपल्या मत्र्याचं ते डोंगरावरचं भलंमोठं धूपदान बघ, गाडीत बसल्या बसल्या दिसतं!"

मी म्हटलं, "लहान आहे तेच बरं. लवकर बघून होतं. चला, यल्ला!"

*

बागेत गोरी माणसं उन्हात पसरलेली, तोंडं वर करून. आम्ही मात्र सवयीने सावली शोधून बसलो आणि स्वेटर घालून कुडकुडलो.

वहिनी म्हणाल्या, "गो सुजाता, यांका जुलैत आठ दिवस आपल्या मस्कतच्या रुसैलात, उनात पाठव. सगळी हौस फिटतली!"

*

त्याच बागेत एक माणूस. मानेपासून मनगटापर्यंत गोंदलेला. "मराठीत बोलूक काय भ्यायचा!" असं म्हणून वहिनींनी मला बिनधास्त विचारलं, "ह्याच्या पोटार काय लिवलेला असतला गो?"

सईने तेच त्याला इंग्रजीत विचारलं.

त्याने हसत हसत शर्ट वर केला. वहिनींनी पुढे तासभर मान वर केली नाही!

*

चार वाजून गेले. आम्ही धक्क्याकडे निघालो आणि एका कॉफीच्या दुकानाबाहेर मला बाबागाडी दिसली. आत बाळ झोपलेलं. जवळ चिटपाखरू नाही.

"अहो, कुणीतरी बाळ विसरून गेलं!"

"असेल कुणीतरी इथेच. चल, बोट सुटेल."

"सुटू दे! मी बाळाला टाकून येणार नाही."

दिवसभर घड्याळाला चिकटलेली मी असं बोलले, तर आता हेच घड्याळ बघायला लागले. भाऊ म्हणाले, "तुम्ही बघा बाळाचं. मी पुढे जाऊन बोट धरून ठेवतो!" आणि वहिनींना घेऊन धावत सुटले.

हे दुकानात विचारायला गेले. मी एका हातात सई, एका हातात बाबागाडी धरून उभी. तेवढ्यात एक बाई आली, माझ्याकडे बघून गोड हसली, आपलीही बाबागाडी शेजारी लावली आणि आत गेली. मग तिसरी आली. तिनेही तेच केलं!

हे बाहेर आले. "अगं, आया आत कॉफी पितायत. इथे पोरं अशीच बाहेर झोपवतात म्हणे."

"मग आता तीन झालीत. तिघांना टाकून कशी येऊ?"

काचेवर टकटक झाली. पहिल्या बाळाची आई आतून हात हलवत होती. मघापासून मलाच बघत होती म्हणे! बाहेर आली तशी मी तिला मराठीतच झापलं, "वारा लागतोय बाई, कानाला टोपरं बांध!" आणि आम्ही पळालो.

*

पाच वाजून गेलेले. पण बोट उभी!

शिडीशी भाऊ दोन्ही हात पसरून ओरडत होते, "वेट! मॅडम बेबी! टू मिनिट! मॅडम बेबी!"

त्यांच्यामागे डॉक्टर, नर्स आणि चाकाची खुर्ची. मी धापा टाकत पोहोचले, तसं त्यांनी मला अलगद खुर्चीत बसवलं. नर्सने माझा हात धरला आणि कसा श्वास घ्यायचा ते दाखवायला लागली. मी आपली ती सांगेल तसा श्वास घेत राहिले. बोट सुटेपर्यंत एक शब्द बोलले नाही!

खुर्चीतला फोटो भाऊंनी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. मस्कतला परतलो, तर अझैब्याला राहणाऱ्या ओळखीच्या मावशी बाळंतविडा घेऊन दारात.

तेव्हा वाचणाऱ्यांनी कृपा करून पुढे सांगावं: मला एकच मुलगी आहे. नाव सई. ती सहा वर्षांची आहे.