जिनातला जर्मन

आमच्या वाशीमकडे अ‍ॅल्युमिनियमला कोणी अ‍ॅल्युमिनियम म्हणत नाही, जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात. माझा कारखाना त्या एका शब्दापायी गेला. लोक अजून ती गोष्ट हसत सांगतात. मला हसू येत नाही.

डोक्यावर टोपलं घेऊन मी रिठद, किन्हीराजाचे बाजार केले, भांडी विकली आणि त्यातूनच गावाबाहेरचं बंद पडलेलं जिन विकत घेतलं. कापसातली सरकी काढायची यंत्रं जुन्या मालकाने आधीच नेली होती. उरले होते लोखंडी खांब आणि उंच छप्पर. तिथे मी साचे मांडले, पत्रा ठोकणारे कारागीर बसवले. इंग्रजांची जर्मनीशी लढाई लागली तेव्हा पत्रा मिळेनासा होणार हे मी ओळखलं आणि जिन पत्र्याने भरून ठेवलं. बाकीचे भांडीवाले हात बांधून बसले, माझ्याकडे ठोकाठोक चालूच.

किन्हीराजाच्या बाजारात एक बाई परातीसाठी हुज्जत घालत होती.

"भाऊ, भाव काहून चढवून राह्यले? मी दुसरीकून घेईन."

"घे ना माय! कोनापाशी जर्मन उरला हाये सांग. माया जिनात मात्र छपरालोक जर्मन भरला हाये. कोनाची हिंमत हाये त्याले हात लावाची?"

मागे फौजदार उभा होता. तिकडे हिंदी मुलखातल्या सागरहून नुकताच बदलून आलेला, मराठी जेमतेम. त्याने चहावाल्याला विचारलं, "इसके जिन में क्या है?"

"जर्मन हाये साहेब. लय हाये."

फौजदाराने पुढे काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनाला पोलिसांचा वेढा पडला आणि दाराला बाहेरून कडी लागली. मी आणि कारागीर आत. फौजदार खिडकीच्या गजांमधून ओरडला, "कितने हैं अंदर?"

"कोन?"

"जर्मन!"

माझा म्हातारा कारागीर पुढे सरकला. "मोजले नाई साहेब. मोठे खाली हायेत, लहान वर."

दुपारी अकोल्याहून मोठा साहेब येईपर्यंत आम्ही त्या तापलेल्या छपराखाली कोंडलेले होतो. प्यायला पाणी दिलं नाही. दार उघडलं तेव्हा मी एक परात उचलून फौजदाराच्या पायाशी आपटली. "हा घ्या तुमचा जर्मन! बेड्या घाला त्याले!"

शिपाईसुद्धा हसले. फौजदाराचं तोंड उतरलं. मोठा साहेब मात्र हसला नाही. त्याने छडीने पत्रा वाजवला, मग रास वरपर्यंत न्याहाळली. लढाऊ विमानं याच धातूची बनतात, म्हणाला. बंगलोरच्या कारखान्याला माल पुरत नाही आणि तू इथे पराती ठोकतोस?

मी घासाघीस केली. अर्धा न्या, म्हटलं. मग म्हटलं, सगळा न्या पण जिन सोडा, साचे सोडा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलीला समोरून बोलीच आली नाही. पत्रा गाड्यांवर चढला. साठेबाजी केली म्हणून माझ्याच कुलपावर त्यांनी लाखेचं सील मारलं. फौजदार जाता जाता म्हणाला, "चाबी रख लो, सेठ."

लढाई संपली. सील काढायला अकोल्याला गेलो, तिथे म्हणाले नागपूरला जा. नागपूरला म्हणाले, ते खातंच आता उरलं नाही. तोडलं तर तुरुंग, आणि सीलबंद जिन विकत घेणार कोण? साचे आत, मी बाहेर ओट्यावर.

मग अकोल्याच्या भंगारात मोडलेल्या विमानांचे पत्रे आले. "असली जर्मन हाये शेठ, उडून आलेला," भंगारवाला म्हणाला. तो रडकुंडीला येईपर्यंत मी भाव पाडला आणि माल घेऊन आलो. जिनासमोरच्या लिंबाखाली म्हातारा कारागीर दगडावर पत्रा ठेवून ठोकायला बसला. तिसऱ्या घावाला पत्रा तडकला. दुसरा घेतला, तोही तडकला.

"शेठ, याच्यात कायतरी मिसळलं हाये. हा जर्मन आपला नाई."

माझा पत्रा हाताने वाकायचा. कारागिराने हत्यारं गुंडाळली आणि तो मानोऱ्याला लेकाकडे निघून गेला.

सील दाराला होतं, छपराला नव्हतं. छपराचा एकेक पत्रा लोकांनी नेला, मग मागची भिंत विटांसाठी फोडली. आता तिथून बकऱ्यासुद्धा आत जातात.

"तुमीबी जा ना तिकून," लोक मला सांगतात. "साचे तरी काढून आना."

मी त्यांच्यावर खेकसतो. चोरासारखं भगदाडातून काहून जाऊ? मी मालक आहे. जाईन तर दारातून जाईन.