विजयासाठी घातलेलं गाऱ्हाणं

माझी फजिती सांगते, पण हसायचं ते मागाहून हसा. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दिवशी उघडलं, आणि काय बोलून बसले ते ऐका.

आठवीपासून शकू आणि मी एका बाकावर. यंदा कोल्हापूरहून विजया आली. तिच्या वडिलांची इथल्या कचेरीत बदली झाली होती. आम्ही सगळ्या अनवाणी, हिच्या पायांत नाडीचे बूट. आठ दिवसांत शकू तिच्या बाकावर! माझा नुसता जळफळाट. वरून मात्र मी शांतपणे शुद्धलेखन लिहीत होते.

शाळेची सहल घाटाखालच्या धबधब्याला गेली. रानातून चढताना शकूने विजयाची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. माझी कधी घेतली होती? विजया घसरली की शकू हात देई. म्हणून मीही मुद्दाम दोनदा घसरले. दुसऱ्या वेळी गुडघा फुटला, आणि हात दिला तो बाईंनी.

धबधब्यासमोर व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, तारेच्या दोरांचा झुलता साकव होता. अलीकडे राखणदाराचा, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाचा दगड. वाटाड्या गुणाजीकाकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "ह्या पोरींका सुखरूप पल्याड ने रे म्हाराजा." आपण मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं, हे शकूने विजयाला शिकवलं.

साकवावर एका वेळी दोघीच जायच्या. सगळ्यांचं लक्ष पहिल्या जोडीकडे आहे असं बघून मी दगडापुढे हात जोडले. पाण्याच्या घोषात माझं मलाच ऐकू येईना. मला नाही, तर राखणदाराला काय ऐकू जाणार? मी आवाज चढवला.

"बा म्हाराजा, त्या विजयाक साकवार घेरी येवंदे, तिचे बूट व्हाळात पडांदेत, आणि माझी शकू माका परत गावांदे."

"व्हय म्हाराजा!"

अख्खा वर्ग माझ्या पाठीशी उभा होता. सवयीने सगळ्याच बोलून गेल्या. सर्वांत खणखणीत आवाज होता विजयाचा.

शकू लालबुंद झाली. विजयाला मालवणी कुठे कळत होती? तिला कळलं फक्त आपलं नाव. तिने माझे दोन्ही हात धरले. "माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलंस? आणि मला वाटायचं, मी तुला आवडत नाही."

मी मान हलवली. पुढे साकवाच्या मध्यावर घेरी आली ती मलाच. मी फळीवर बसकण मारली. विजयाने कमरेला धरून मला पलीकडे नेलं. शकू आमच्या मागच्या जोडीत आली.

डबे सोडल्यावर विजयाने वही काढली. "आजीला पत्रात कळवते. देवाकडे काय मागितलंस, नीट सांग ना."

तेव्हा शकू सरकत सरकत माझ्या शेजारी येऊन बसली. किती दिवसांनी!

"सांग गो," ती हळूच म्हणाली, "नायतर मी सांगतंय."

"तुला सांभाळ, एवढंच," मी पुटपुटले.

पंधरा दिवसांत कोल्हापूरहून आजीचं उत्तर आलं. त्या गुणी मुलीचा शेजार सोडू नकोस, असं तिने नातीला बजावलं होतं.

विजया आज्ञाधारक आहे. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या बाकावर बसते, आणि शकू तिकडे एकटी, ऐसपैस.