जुन्या नंबरावर आलेला ओटीपी

सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देणाऱ्या या बाईंना गल्लीत सगळे सोफेवाल्या ताई म्हणतात. मालकाने भाड्याचा गाळा विकायला काढला, तेव्हा तो आपणच घ्यायचा असं ताईंच्या मनाने घेतलं. बँकेतले साहेब म्हणाले, "कर्ज हवं तर आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट मागवा. वर्षातून एकदा फुकट मिळतो."

दुपारी कापडाचे तुकडे बाजूला सारून त्यांनी फोनवर अर्ज भरला. ओटीपी गेला, पण नवऱ्याच्या मोबाईलवर. लग्नानंतर सगळीकडे त्याचाच नंबर दिलेला. तो वेगळा राहायला लागून सहा वर्षं झाली होती. नंबर बदलायचा तरी ओटीपी जुन्यावरच जाणार.

"लाव की फोन," खुर्चीला कापड ठोकता ठोकता नणंद म्हणाली. भाऊ घर सोडून गेला, तरी ही वहिनीकडेच कामाला राहिली होती. "दादा काही खात नाही तुला."

"तूच लाव ना."

"रिपोर्ट कुणाचा, माझा?"

ताईंनी फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"तुमच्याकडे एक ओटीपी आला असेल."

"आलाय. मला वाटलं, कुणीतरी फसवतंय." जरा थांबून, "गुडघा कसा आहे?"

"चालतोय. तुमचा खोकला?"

खोकल्यावरून गाडी गाळ्याच्या गळक्या छपरावर गेली. त्याने आकडे सांगितले, तोवर मुदत संपली होती. नणंदेने कपाळाला हात लावला. "अगं वहिनी, ओटीपी घे आधी, संसार मग कर!"

दुसऱ्या वेळी त्याने बातम्या वाचाव्यात तसे आकडे वाचले. रिपोर्ट उघडला.

"किती मार्क?" त्याने फोनवरून विचारलं.

"सातशे ब्याऐंशी. नऊशेपैकी."

"मग गाळा तुझाच की."

"ते बँक ठरवेल."

खाली विचारलं होतं, मोबाईल नंबर बदलायचा आहे का? ताई थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग बटण दाबलं.

"ऐका, अजून एक येईल. नंबर माझा करून घेतेय. यापुढे तुम्हाला त्रास नाही."

पलीकडे तो खाकरला.

"चार," तो म्हणाला आणि थांबला. "हळूहळू सांगतो. घाई नाही ना?"

ताईंनी पडद्याकडे पाहिलं.

"तीन मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या.