सहा कॉम्प्युटरांची रापण

रसिकाला एखादी गोष्ट 'होणार नाही' असं सांगू नये. सांगितलं की ती करून दाखवते, आणि करून दाखवेपर्यंत समोरच्याचं डोकं खाते. तारकर्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लोक सांगायचं सोडत नाहीत.

वाचनालयाच्या मागच्या खोलीतले सहा कॉम्प्युटर हे त्यातलंच एक प्रकरण. मालवणातल्या कुठल्याशा ऑफिसने ते जुने झाले म्हणून काढले आणि वाचनालयाला भेट दिले. भेट कसली, स्वतःची अडगळ दुसऱ्याच्या दारात आणून ठेवली. नेहमीची सिस्टिम त्यांच्यावर सुरू केली, तर माणूस चहा पिऊन कप विसळून येई, तरी पडद्यावर आपलं गोल गोल फिरतच असे. वाचनालय सांभाळणाऱ्या रसिकाने सगळं पुसून लिनक्स टाकली. ती फुकट मिळते, हलकी असते, जुन्या मशीनला झेपते. कॉम्प्युटर टुणटुणीत झाले, पण खोलीत कोणी फिरकेना. शाळेतली पोरं एकदा डोकावली, त्यांना हवा तो गेम मिळाला नाही आणि "लिनक्सार गेमी नाय चलत" असं रसिकालाच शिकवून निघून गेली.

ही गोष्ट एके काळी खरी होती. तेव्हा लिनक्सवर खेळायचं म्हणजे पत्ते लावायचे, नाहीतर कॉम्प्युटरकडून बुद्धिबळात मार खायचा. मग जगभरच्या हट्टी लोकांनी मध्ये एक दुभाष्या बसवला. दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलेला गेम जे बोलेल, ते हा लिनक्सला समजावून सांगतो. आता हजारो गेम तिच्यावर चालतात. हातात धरून खेळायची यंत्रंसुद्धा लिनक्सवर निघाली आहेत. रसिका त्याच जातीची हट्टी. तिनेही दुभाष्या बसवला. मोटारींच्या जुन्या शर्यती झकास पळाल्या, पण नवा मोठा गेम लावला की या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांना धाप लागे. पोरं चार दिवस आली आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घालून बसली.

वाचनालयाचे अध्यक्ष दत्तप्रसाद हे निवृत्त पोस्टमास्तर. माणूस सज्जन, आणि हीच मोठी पंचाईत होती. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. समितीच्या कामात ते कटाक्षाने पुस्तकी मराठी बोलत.

"रसिका, खोली रिकामी ठेवण्यापेक्षा भाड्याने देऊ. स्कूबा डायव्हिंगवाले मागत आहेत. त्या भाड्यातून पुस्तकं घेता येतील. वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. तोपर्यंत गाव ही खोली वापरतं असं दिसलं, तर मी स्वतः तो मागे घेईन."

"गाव म्हणजे मोठी माणसां?"

"गाव म्हणजे गाव."

रसिका तावातावाने घरी आली. दुसऱ्यांचे गेम झेपत नाहीत ना, मग आपलाच करायचा. गेम बनवायचं फुकटचं साधन लिनक्सवर होतं. व्हिडिओ बघून ती त्यात थोडंफार शिकलीही होती. आता या गावातली मोठी माणसं खुर्चीला खिळून काय खेळतील? उत्तर घरातच होतं. तिचे वडील बाबू हे रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या, आणि दोन्हीकडच्या माणसांनी हळूहळू ओढत मधली माशांनी भरलेली खोळ काठाला आणायची, ती रापण. रसिकाने सहाही कॉम्प्युटर वायरने जोडले. तीन एका दोरीवर, तीन दुसऱ्या. अख्खा पावसाळा ती त्याच्याशी झटत राहिली.

नारळी पौर्णिमेनंतर तिने बाबूंना आणि त्यांच्या पाच सोबत्यांना धरून आणलं. जाडजूड बोटांनी ती माणसं बटणं दाबू लागली. पडद्यावरचं जाळं खरंच सरकलं, तसे सगळे लहान मुलांसारखे खूश झाले. मासे काठाला आले. प्रत्येकाच्या पडद्यावर त्याच्या त्याच्या बांगड्यांचा ढीग लागला, आणि सगळ्यांत मोठ्या ढिगावर सोनेरी अक्षरांत 'पहिला नंबर' झळकलं.

बाबूंनी हात मागे घेतले.

"ह्ये माशे कोणाचे?"

"जो जास्त ओढता, तेका जास्त," रसिका कौतुकाने म्हणाली.

"आणि शिवाक?"

शिवा हा त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा. त्याचा उजवा हात नीट उचलत नसे. त्याच्या पडद्यावर इनमीन तीन बांगडे पडले होते.

"तेका कमी," रसिका पुटपुटली.

"ही खंयची रापण, गो?" बाबू उठून उभे राहिले. "दोरयेक हात लावलो की वाटो. म्हाताऱ्याक वाटो, उशिरा इल्ल्याक वाटो. गमतीन हात लावणाऱ्या पावण्याकसुद्दा दोन बांगडे. ह्याच वाट्यार तू वाढलंस मां?"

सगळे निघून गेले. जाता जाता शिवाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिला बाबूंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला.

रसिकाला स्वतःची लाज वाटली. परकराच्या वयात दोरीला नुसती दोन बोटं लावून तिने फडक्यातून मासे घरी नेले होते. पण आजवर खेळलेल्या प्रत्येक गेममध्ये कोणीतरी जिंकत होतं, म्हणून ज्यात कोणी जिंकत नाही तो गेमच नव्हे, असं ती धरून चालली होती. तांडेलाच्या पोरीने रापणीची शर्यत केली होती. रडायला सवड नव्हती, सभा तोंडावर आली होती. तिने पहिला नंबर काढून टाकला, ढीग काढून टाकले. सगळ्या पडद्यांवर एकच जाळं ठेवलं. एक बाजू पुढे गेली की जाळं वाकडं होणार आणि मासे सुटणार. कोणी हिसका दिला की जाळं फाटणार. खोळ आली की सगळ्यांना सारखा वाटा, मधेच येऊन बसलेल्यालाही. असला गेम कोणी दुसऱ्यांदा खेळेल का, हे मात्र तिला माहीत नव्हतं, आणि त्या धाकाने तिला जेवण जाईना.

ती किनाऱ्यावर गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चुकलंय मी. परत केलंय. रविवारी सभेक येवा."

"बघू," बाबू म्हणाले. बाबूंच्या 'बघू'चा अर्थ त्यांच्या बायकोलाही कधी लागलेला नाही.

रविवारी ते आले, सोबत्यांना घेऊन आले. शिवा तेवढा दवाखान्यात गेला होता, त्यामुळे एक खुर्ची रिकामी राहिली. सभासद दाटीवाटीने उभे होते. ठरावाचा कागद खिशात ठेवून अध्यक्ष म्हणाले, "चला, मीच बसतो. यात जिंकतं कोण?"

"कोणी नाय."

"मग खेळायचं कशासाठी?"

"बसा तर खरे," ती म्हणाली.

दत्तप्रसादांनी बसल्या बसल्या पोस्टात शिक्के मारावे तशी बटणं हाणायला सुरुवात केली. त्यांची बाजू सुसाट निघाली, जाळं वाकडं झालं आणि टर्रकन फाटलं. सहाही पडद्यांवरून मासे पसार.

"हळू रे मेल्या!" समोर अध्यक्ष आहेत हे विसरून बाबू ओरडले. "एकट्याक घराक न्हेवचे आसत काय?"

खोलीत हशा पिकला. दत्तप्रसादांचे कान लाल झाले. ते उठले, शर्ट खाली ओढला, खिशातून ठरावाचा कागद काढला. गेली खोली, रसिकाला वाटलं. तरी ती माघारी फिरली नाही, दारात पाय रोवून उभी राहिली. गेली तर कॉम्प्युटर घरी न्यायचे, घरात नाही मावले तर पडवीत मांडायचे, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दत्तप्रसादांनी कागदाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"परत लाव."

ते पुन्हा खुर्चीत बसले, तिने परत लावलं. या वेळी बाबूंनी ओढायचा-थांबायचा ताल तोंडाने धरला, "ओढा... रवा... ओढा..." सहा बोटं एका वेळी पडू लागली. मागे उभे असलेले लोकही नकळत मागे रेलू लागले. जाळं सरळ येत होतं. अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला होता, ठरावाचा कागद त्यांच्या कोपराखाली चुरगळत होता. दुसऱ्यांदा खेळतात का, एवढंच रसिकाला बघायचं होतं, आणि ते खेळत होते.

सभेची वेळ टळून गेली होती. चिटणीस नम्रता पुढे झाली आणि अदबीने म्हणाली, "अध्यक्षमहोदय, भाड्याच्या ठरावाचं काय करायचं?"

दत्तप्रसादांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"गप रव गो! कसलो ठराव? दोरी सोडू काय?"