मुंब्रादेवीचा डोंगर, दोन आळशी आणि एक सासू

हा ब्लॉग लिहायचा महिनाभर राहिला. कारण आळस, असं आमचे पप्पा सांगतील. माझ्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे तेवढंच एक कारण आहे. शाळेत पीटीच्या सरांचंही तेच मत होतं. डॉक्टरांनी मात्र गेल्या वर्षी वेगळंच सांगितलं: माझ्या स्नायूंत साखर साठलेली असते, पण ती वापरायची किल्ली जन्मापासूनच गायब. आजाराचं नाव मॅकआर्डल. आईवडील दोघांकडून येतो, त्यामुळे पप्पांनी ते नाव अजून तोंडातून काढलेलं नाही.

उपचार ऐकून मी हसलेलो. गोळी नाही. जोर लावायच्या थोडं आधी गोड प्या, सुरुवात हळू करा, दुखलं की थांबा, ओझं धरून उभं राहू नका. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर मात्र तडक हॉस्पिटल, नाहीतर किडन्या जातात. बाकी भटक्या माणसाला ‘हळू जा’ सांगायला एवढा मोठा स्पेशालिस्ट लागला!

आणखी एक सांगितलेलं: बहिणीची रक्ततपासणी करून घ्या. ताई मुंब्र्याजवळ दिव्याला राहते. चौथा मजला, लिफ्ट नाही, पाणी टँकरचं. ती म्हणाली, “सासूबाई आधीच आळशी म्हणतात. आता सर्टिफिकेट पण आणू?”

म्हणून तिच्या सासूबाईंनी मुंब्रादेवीच्या दर्शनाचा बेत केला तेव्हा मी ब्लॉगच्या नावाखाली घुसलो. वाटेत ताईला तपासणीसाठी पटवायचंच, असं ठरवून.

दिव्याला पोचायला उशीर झाला, कारण कोपर स्टेशनला गरम भजी दिसली. दिव्याहून शेअर रिक्षा मिळते, सुट्टे जवळ ठेवा. पायथ्याशी मी ताईला उसाचा रस पाजला.

“देवीला उपाशी जातात रे,” सासूबाई म्हणाल्या.

“मावशी, प्रसाद समजा.”

पायऱ्या किती ते विचारू नका, प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. माझ्या मांड्यांचा दगड झाला तो पहिल्याच चढाला. शेजारी बघतो तर ताईही बसलेली, त्याच पायरीवर.

वरून आवाज आला, “भाऊबहीण एकाच साच्यातले! अगं, मी साठीची बाई चढते.”

“ताई, हळूच उठ,” मी म्हणालो. “दहाएक मिनिटांत पाय सुटतील बघ.”

“माहितीय. नेहमी तसंच होतं. सगळ्यांचंच होतं ना?”

सगळ्यांचं होत नाही, हे तिला त्या पायरीवर कळलं. शरीर उशिरा का होईना, रक्तातून दुसरं इंधन आणायला लागतं. तसंच झालं. थोड्या वेळाने आम्ही दोघं चक्क गप्पा मारत धापा टाकणाऱ्या सासूबाईंना मागे टाकून गेलो.

“आता कुठं गेलं दुखणं? नाटकं नुसती!”

“मावशी, आजारच असा आहे.”

“चढल्यावर बरा होणारा? मग रोज चढवा हिला!”

गंमत म्हणजे रोज चाला असं डॉक्टरही म्हणतात.

वर वारा मस्त. खाली खाडी, रूळ, इमारती. ताई एवढंच म्हणाली, “घरी विषय काढू नकोस.”

परत आलो तर गल्लीत टँकर. ताई धावली. मी कॅन घ्यायला गेलो तर म्हणाली, “तुला मनाई आहे ना?” दोन भरलेले कॅन घेऊन चढली आणि दुसऱ्या मजल्याच्या वर थांबली. कॅन खाली टेकून कड्या कशाबशा सोडवल्या, पण बोटं उघडेनात. कडी हातात असावी तशी मूठ मिटलेली. सासूबाईंनी खाली येऊन बोटं ओढली तशी ती किंचाळली.

“ओढू नका, आपोआप सुटतील,” मी म्हणालो.

सासूबाई पायरीवर बसल्या. ती मूठ मांडीवर घेतली. मग माझ्या हातांकडे बघितलं.

“तुझी पण अशी होतात?”

“होतात.”

संध्याकाळी ताईचा फोन आला, बोटं सुटली, लघवी साफ आहे. तपासणीबद्दल विचारलं तर फोन कट.

तर या ट्रिपचं शिल्लक काय? रेलिंगचे चार हललेले फोटो. डोंगर जरूर करा, सकाळी लवकर जा. ताईला पटवायला गेलेलो, ते काही जमलं नाही, असं लिहून संपवणार होतो. तेवढ्यात बेल वाजली. पप्पांनी दार उघडलंय. दारात ताईच्या सासूबाई, हातात ताईची पर्स.

“ती जिन्यात बसलीय. येईल हळूहळू, घाई करू नका तिला,” त्या पप्पांना सांगतायत. “तुमच्या पोराचा डॉक्टर कुठं बसतो?”