बद्द

घुग्घुसच्या रस्त्यावरचा तो सायकल मिस्त्री आधी एकच विचारायचा, "पडली होती काय?" उत्तरावर त्याचा विश्वास मात्र नसायचा.

बदली झालेल्या एका साहेबाची कार्बन फायबरची सायकल मी घेतली होती. उद्यापासून माझी मुलगी ती कॉलेजला नेणार होती, म्हणून तपासायला आणली. सगळ्यांसारखं मीही म्हणालो, "नाही पडली."

त्यानं खिशातून नाणं काढलं आणि बाजारात मडकं पारखावं तसा तो पुढचं चाक धरणारा चिमटा बोटबोट अंतरावर वाजवू लागला. कोळशाचा ट्रक आला की थांबायचा, आवाज पार विरेपर्यंत गप्प. एक गेला की दुसरा. मला ड्युटी गाठायची होती. मी नुसता पाय बदलत उभा.

टण, टण, टण. मग बद्द. वर रंगाला साधा ओरखडाही नव्हता.

"लोखंड वाकून सांगते, भाऊ. हे आतल्या आत फाटते. पडली होती काय?"

"नाही म्हटलं ना!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तेच नाणं पँटवरून माझ्या गुडघ्यावर हळूच वाजवलं. मी कळवळलो. कोळशाच्या चुरीवर सायकलसकट घसरलो, त्याला आठवडाच झाला होता.

"इथीबी बद्दच," तो म्हणाला, आणि पुढचं चाक काढून दुकानात ठेवायला गेला.