भाकरी बांधून आणणारे साहेब

१९७४ साल. मी चाळीस वर्षांचा होतो. माझी शाळा दुसरीतच सुटलेली, पण पडेगावात मुलींची शाळा मीच काढली. सरकारी मान्यता तेवढी बाकी होती. तपासायला शहरातून एक साहेब सायकलवर आले.

त्यांनी खिडक्या उघडून पाहिल्या. शेवटच्या ओळीत मांडी घालून फळा दिसतो का ते पाहिलं. मग लिंबाखाली बसून फडक्यात बांधून आणलेली स्वतःची भाकरी खाऊ लागले. माझ्या घरी कोंबडी शिजत होती आणि वारा तिकडूनच येत होता. साहेबांचं नाक सारखं तिकडं वळायचं.

"साहेब, दोन घास तरी घ्या."

"नको पाटील. वास घेतला, तेवढी लाच लई झाली."

मला रागच आला. माझ्या दारातून पाहुणा असा जात नाय.

"मग मान्यतेचं काय?"

"पोरींना संडास कुठाय?"

"आमच्या घरी बी नाय!"

"घराला कुठं मान्यता मागताय? संडास बांधा, मान्यता घ्या, मग जेवायला बोलवा. रस्सा पातेल्यानं पितो."

इतक्या गोडीनं नाही म्हणणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाय. त्याला जेवू घालायचंच, असं मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुदळ घेतली आणि शाळेमागं खड्डा खणायला लागलो.